निघण्याआधी मला फोन करणे

मुहूर्त बदलल्याचा फोन आला तेव्हा मंजुश्री गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती. फोन रेवणप्पांचा होता. रेवणप्पा म्हणजे लातुरातल्या एका डाळ मिलचे मालक आणि इराचे सासरे. कुणालाही फोन केला की ते आधी काम सांगत आणि मग खुशाली विचारत.

"मॅडम, नऊ तारीख रद्द. चौदा धरा."

"रद्द म्हणजे? ऑपरेशन पुढं ढकललं?"

"नऊला वैधृती निघाली. आमच्या औशाच्या जोशीबुवांनी आधी नीट बघितलंच नाही. चौदाला दहा बावीस ते अकरा पाच, एकदम स्वच्छ वेळ. डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या. तुम्ही या म्हणजे झालं. जेवलात का?"

"चौदाला माझं जरा…"

"जरा-बिरा काही नाही. सूनबाई म्हणते मंजुश्री मॅडम नसतील तर मी टेबलावर चढत नाही. आता तुम्हीच सांगा, त्रेचाळीस मिनिटांत तिला समजावायचं का बाळ काढायचं?" आणि ते स्वतःच्या विनोदावर हसले.

मंजुश्री खाली आली आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरसमोर उभी राहिली. नऊ तारखेभोवती पेन्सिलीने गोल होता, इरा. वीस तारखेभोवती दुसरा, वैष्णवी. मध्ये दहा दिवस मोकळे होते आणि ते मोकळे राहावेत म्हणूनच तिने दोन्ही कामं एका महिन्यात घेतली होती. इराचं बाळ पायाळू होतं, ऑपरेशन ठरलेलंच होतं, दिवस तेवढा घरच्यांनी निवडायचा होता. मुहूर्तावर मंजुश्रीचा काडीचा विश्वास नव्हता. पण मुहूर्त म्हणजे पक्की तारीख, आणि पक्की तारीख तिच्या धंद्यात दुसरी कुठली मिळत नाही, म्हणून तिने आपला महिना त्या मुहूर्तावर बांधला होता.

धंदा डूलाचा. लातुरात तो शब्द कुणाला माहीत नव्हता. शेजारच्या काकू अजून "आमच्या मंजूचं सुइणीचं काम" असंच म्हणत. सुईण नाही, नर्स नाही, हे ती प्रत्येक घरात पहिल्या भेटीत सांगायची. तपासणी करायची नाही, औषध सांगायचं नाही, डॉक्टरांच्या निर्णयात पडायचं नाही. गरोदर बाईच्या शेवटच्या महिन्यांत तिच्याशी बोलायचं, श्वास शिकवायचा, आणि कळा सुरू झाल्यापासून मूल छातीशी लागेपर्यंत तिच्याजवळून हलायचं नाही. पाठ चोळायची, पाणी पाजायचं, हात द्यायचा. "एवढ्याचे पैसे?" असं विचारणारी सासू प्रत्येक घरात असायचीच.

त्याआधी नऊ वर्षं मंजुश्रीने लातूरच्याच एका क्लासमध्ये बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवलं होतं. वैष्णवी तिचीच विद्यार्थिनी. हदगावची पोर, खोली घेऊन राहिलेली, पहिल्या बाकावर बसणारी. सांगितलेलं जसंच्या तसं करणारी. आकृतीखाली रेघ मारा म्हटलं की पट्टीने रेघ मारणारी. आता ती अहमदपूरला शाळेत शिक्षिका होती, नवरा सर्वेश तिथेच ज्युनियर कॉलेजात प्राध्यापक, सासरे मार्तंडसर निवृत्त मुख्याध्यापक. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात आई येऊन तिला हदगावला घेऊन गेली होती. बाळंतपण नांदेडच्या हॉस्पिटलात व्हायचं होतं, हदगावहून सव्वा तासावर. मंजुश्री लातुरात, चार तासांवर. पण "मॅडम, तुम्हीच पाहिजेत" म्हटल्यावर आणि महिन्याला दोन कामं मिळायची मारामार असल्यावर तिने होकार दिला होता. अठराला नांदेडला जाऊन राहायचं, असा बेत होता.

चौदाला नाही म्हणता आलं असतं. पण इरा हे डॉक्टरीणबाईंनी स्वतःहून पाठवलेलं पहिलं काम होतं. दोन वर्षं मंजुश्री त्यांच्या दवाखान्यात आपल्या कामाच्या माहितीच्या कागदाची घडी हातात धरून बसत आली होती, तेव्हा कुठे त्यांनी एक नाव दिलं होतं. ते टाकलं तर दुसरं मिळणार नव्हतं. प्रशिक्षणात शिकवलं होतं की आपण नसू तेव्हा जाणारी दुसरी डूला कायम ठरलेली हवी. मंजुश्रीने पुनमचं नाव लिहिलं होतं. पुनमने तिच्याबरोबरच कोर्स केला, सहा महिने काम शोधलं आणि क्लासला परत रुजू झाली. नाव कागदावर तसंच राहिलं.

पहिलटकरणी बहुधा तारखेच्या पुढेच जातात, असा मंजुश्रीने हिशोब केला. वीसच्या आधी सहा दिवस. ठरल्या दिवशी शंभरातली चार-पाच मुलंच जन्मतात आणि बाकीची पाच आठवड्यांत कुठेही, हे ती स्वतः बायकांना फळ्यावर आलेख काढून शिकवायची. तो आलेख त्या दिवशी तिला आठवला नाही असं नाही. आठवला, आणि तिने तो बाजूला ठेवला.

रात्री तिने वैष्णवीला मेसेज लिहिला. "चौदाला सकाळी दहा ते एक मी ऑपरेशन थिएटरमध्ये असेन, फोन बंद असेल." लिहून पुन्हा वाचला. वैष्णवी घाबरेल. तिची आई आधीच म्हणत होती, त्या लातूरच्या बाईचं काय काम, आमी हाव की. आई म्हणेल, बघ, सांगितलं नव्हतं? तीन तासांचा तर प्रश्न. तिने मेसेज पुसला.

चौदाला पावणेदहाला तिने फोन नर्सच्या कपाटात ठेवला, हिरवा गाउन चढवला आणि इराच्या डोक्याशी स्टुलावर बसली. इराचा हात बर्फासारखा होता. बाहेर रेवणप्पा घड्याळ धरून उभे होते, दर पाच मिनिटांनी कुणाला तरी पाठवून किती वाजले ते आत कळवत होते. दहा सव्वीसला मुलगी झाली, खणखणीत रडली. डॉक्टरीणबाई टाके घालता घालता म्हणाल्या, "सांगा रेवणप्पांना, स्वच्छ वेळेत आली." मग पहिलं दूध. पोरीला छातीशी धरवता धरवता बारा कधी वाजले कळलं नाही. बाहेर आली तर तिच्या हातात पेढा कोंबला गेला, फोटोत उभं केलं गेलं. बारा दहाला तिने कपाट उघडलं.

चौदा मिस्ड कॉल होते. आणि मेसेज, वेळेसकट.

नऊ अठ्ठावन्न. मॅडम, पाणी गेलं.

दहा तीन. पाणी हिरवट आहे. तुम्ही रंग कळवायला सांगितलं होतं.

दहा पाच. एका पांढऱ्या पंच्याचा फोटो. त्यावर शेवाळी डाग.

दहा वीस. आई म्हणते निघू. मी म्हणाले, तुमचा फोन येऊ दे.

दहा पंचावन्न. मॅडम, निघू का?

अकरा सतरा. मॅडम?

हिरवं पाणी म्हणजे बाळाने आतच शी केली. गुदमरायला लागलं की बाळ तसं करतं. हे मंजुश्रीला झोपेतही सांगता आलं असतं. तिने फोन लावला. जीपचा आवाज, वारा, आणि वैष्णवीचा दबका आवाज. "मॅडम, अर्धापूरच्या पुढं आलो. आईनं ओढूनच गाडीत घातलं."

"बाळ हलतंय का?"

"मगाशी हलत होतं."

एक वीसला नांदेडात तातडीचं ऑपरेशन झालं. मुलगा. रडला नाही.

पुढचे दहा दिवस मंजुश्री रोज फोन करत राहिली. सर्वेश उचलायचा, नीट बोलायचा. बाळ काचेच्या पेटीत आहे. काल झटके आले. आज कमी आहेत. डॉक्टर म्हणतात आत्ताच काही सांगता येत नाही. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "मॅडम, बाकी कुणाला दोष नाही देत, पण सासूबाईंनी पोचायलाच तीन तास घालवले. गाडी मिळाली नाही म्हणतात. सासऱ्यांची बोलेरो दारात उभी असते, आम्हाला माहीत नाही का? बाबा तर भडकलेत. म्हणतात, माहेरी पाठवली ती सांभाळायला पाठवली होती."

"गाडी मिळाली नाही, असं त्या स्वतः म्हणाल्या?"

"डॉक्टरांसमोर म्हणाल्या."

मंजुश्रीने फोन ठेवला आणि फाईल काढली. प्रसूती-योजना, दोन पानं, तिनेच तयार केलेली. चौथा मुद्दा: कळा सुरू झाल्यास किंवा पाणी गेल्यास घाबरून जाऊ नये. हॉस्पिटलकडे निघण्याआधी मला फोन करणे. पाचवा: पाण्याचा रंग पाहून मला कळवणे. वैष्णवीने दोन्ही केलं होतं, याच क्रमाने.

चौथा मुद्दा कुठून आला ते मंजुश्रीला पक्कं माहीत होतं. मागल्या वर्षी चाकूर रोडच्या एका घराने तिला न कळवताच बाई दवाखान्यात नेली. ती पोचली तेव्हा बाळंतपण उरकलं होतं. घरचे म्हणाले, तुम्ही नव्हताच, मग राहिलेले पैसे कसले? त्यानंतर तिने ते वाक्य घातलं. आधी आपल्याला कळलं पाहिजे, म्हणजे कुणाला नव्हतात म्हणता येणार नाही. ते वाक्य बाळंतिणीसाठी लिहिलेलंच नव्हतं.

आपली चूक कुणाला तरी रीतसर सांगावी, असं तिला वाटत होतं. प्रयोगवहीत चुकीचं निरीक्षण खोडायचं नसतं, एक रेघ मारून शेजारी सही करायची असते, हे ती मुलांना नऊ वर्षं सांगत आली होती. पण सही करायला वही नव्हती. नर्सवर तक्रार करायला परिषद आहे, डॉक्टरवर आहे. डूलावर कुणीच नाही. तिने कोर्सवाल्या संस्थेला सविस्तर ईमेल लिहिला. दोन दिवसांनी उत्तर आलं, आपला अनुभव कळवल्याबद्दल आभार, आणि खाली एक फॉर्म, त्यात समाधानी, असमाधानी, सांगता येत नाही, असे तीन चौकोन.

डॉक्टरीणबाईंना तिने दवाखाना संपता संपता गाठलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला.

"नांदेडच्या केसपेपरवर तुमचं नाव आहे का?"

"नाही."

"मग कशाला जाताय? हे बघा मंजुश्री, माझ्याकडून असं काही झालं तर माझा विमा आहे, वकील आहे. तुमच्याकडं काय आहे? एक झेरॉक्स." मग जरा नरमून म्हणाल्या, "रेवणप्पा सगळीकडं तुमचं नाव सांगत फिरतायत. ह्या महिन्यात मी आणखी दोघी पाठवणार होते. एकदा का 'त्या बाईमुळं' असं झालं की लातुरात तुम्हाला कुणी दारात उभं करणार नाही. आणि पाठवणारी म्हणून मलाही विचारतील."

मंजुश्री घरी आली. त्या दोन दिवसांत तिने स्वतःला बरंच काही सांगून बघितलं. आपण गेलो काय न गेलो काय, बाळाचे झटके थांबणार नाहीत. वैष्णवीची आई, सिंधूताई, मोठ्या आहेत, ऐकून घेतील. पण दर वेळी तिच्यासमोर दहा वीसचा मेसेज यायचा. आई म्हणते निघू. ज्या बाईने बरोबर सांगितलं तीच आता दोषी ठरत होती, आणि ते खोटं आहे हे सिद्ध करणारा कागद आपल्या फाईलमध्ये आहे. बाराव्या दिवशी तिने सहाची नांदेड बस धरली.

बाराव्या दिवशी बारसं व्हायचं. बारसं कुठलं, पण सासरची माणसं यायचा दिवस तो, म्हणून मार्तंडसर अहमदपूरहून येणार होते. हॉस्पिटलच्या जिन्यातच मंजुश्रीला सिंधूताई दिसल्या, हातात डबा धुऊन आणलेला. हदगावची शेतातली बाई, उन्हाने रापलेली, डोक्यावरचा पदर दाताखाली धरायची सवय असलेली. त्यांनी मंजुश्रीकडे पाहिलं आणि डबा पायरीवर ठेवला.

"तुमी कामून आलात?"

"सिंधूताई, मला सगळ्यांसमोर सांगायचंय. तुम्ही गाडी मिळाली नाही असं का म्हणालात? मी लिहून दिलं होतं थांबायला. तुमची काही चूक नाही."

"हळू बोला." त्यांनी जिन्याकडे वर पाहिलं. "मले ठाऊक हाय माझी चूक हाय का न्हाई ते. तुमी काई बोलू नका. मी ऐकून घेऊन राहिले नं? लई झालं तर वर्षभर जाणंयेणं बंद ठेवतील. ठेवू देत. मले काय तिथं नांदायचंय?"

"पण ते खोटं आहे."

"आसू द्या की. तुमचा कागद तुमच्यापाशी ठेवा, बाई. हात जोडते."

त्यांनी खरोखर हात जोडले, ओल्या हातांनी. मंजुश्रीला वाटलं, ही भ्यालेली आहे. व्याह्यांपुढे तोंड उघडायचं नाही एवढंच हिला शिकवलंय. अशाच बायकांसाठी कुणीतरी बोललं पाहिजे. तिने सिंधूताईंचा खांदा थोपटला आणि जिना चढली.

खोलीत वैष्णवी पलंगावर उशीला टेकून बसली होती, केस विस्कटलेले, गाउनच्या पुढच्या बाजूला दुधाचे डाग. बाळ वरच्या मजल्यावर काचेत, आणि हिला दर तीन तासांनी दूध काढून पाठवावं लागत होतं. खिडकीशी सर्वेश. कोपऱ्यात वैष्णवीचे वडील शेषेराव टोपी गुडघ्यावर ठेवून. खुर्चीत मार्तंडसर, पांढराशुभ्र सदरा, खिशाला पेन.

"या मॅडम," सर म्हणाले. "तुम्ही लातूरहून आलात. माणुसकी आहे. हे बघा, आमचे व्याही. पासष्ट किलोमीटर रस्ता, दारात गाडी, आणि तीन तास लागतात. आमच्या शाळेतली पोरं सायकलवर आली असती."

सिंधूताई मागून येऊन दाराशी उभ्या राहिल्या होत्या. "चुकलंच आमचं," त्या म्हणाल्या.

"चुकलं म्हणजे काय चुकलं ते सांगा की. बारा दिवस विचारतोय. कशाची वाट बघत होतात? राहुकाळ होता का?"

"सर," मंजुश्री म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला होता त्याहून स्थिर निघाला. "त्या वाट बघत नव्हत्या. माझ्या फोनची वाट बघितली गेली. निघण्याआधी मला फोन करायचा, असं मीच लेखी दिलं होतं. आणि त्या दिवशी दहा ते बारा माझा फोन बंद होता. बंद असणार हे मला पाच दिवस आधी माहीत होतं, मी कळवलं नाही. हा कागद. आणि हे मेसेज, वेळेसकट. सिंधूताई दहा वीसलाच निघू म्हणत होत्या."

मार्तंडसरांनी कागद घेतला, चष्मा चढवला आणि सवयीने खिशातलं पेन काढलं. पेनाचं टोक ओळीखालून फिरवत त्यांनी पहिलं पान वाचलं, मग दुसरं. चौथ्या मुद्द्याशी थांबले, पुढे गेले. अगदी तळाशी पोचले आणि तिथलं त्यांनी मोठ्याने वाचलं.

"वरील सर्व सूचना मला समजावून सांगितल्या असून त्यांनुसार घेतलेल्या निर्णयांची जबाबदारी माझी राहील." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "खाली सही. वैष्णवी सर्वेश. ही सही तुमची आहे का सूनबाई?"

ते वाक्य मंजुश्रीने कोर्सच्या नमुन्यातून जसंच्या तसं उतरवलं होतं. धंदा करायचा तर असं एक वाक्य लागतं, असं तिथे सांगितलं होतं. तिने ते शेवटचं कधी वाचलं होतं ते तिला आठवेना.

"माझी आहे," वैष्णवी म्हणाली.

"गाडी होती का दारात?"

"न्हवती," सिंधूताई दारातून म्हणाल्या. "ड्रायवर गावाला गेलता, मी सांगितलं नं…"

"होती," वैष्णवी म्हणाली. "आई निघू म्हणत होती. मी नको म्हणाले. दोनदा."

सर्वेश खिडकीपासून वळला. त्याने बायकोकडे असं पाहिलं की मंजुश्रीला मान खाली घालावीशी वाटली, पण तिने घातली नाही. "तू मला सांगितलंस गाडी नव्हती," तो म्हणाला. "बारा दिवस. तुझ्या आईला बाबा वाट्टेल ते बोलत होते आणि तू ऐकत होतीस."

"आईनंच सांगितलं होतं बोलू नको म्हणून."

"सर, तुम्ही उलटं घेताय," मंजुश्री पुढे झाली. "चूक माझी आहे. ते वाक्य मी माझ्या सोयीसाठी घातलं होतं. वैष्णवीनं फक्त सांगितलं तसं केलं."

"मॅडम, तुम्ही बसा," मार्तंडसर मऊ आवाजात म्हणाले. तिच्यावर त्यांचा राग नव्हता आणि तेच तिला सहन होईना. "तुम्ही लेखी दिलंत, समजावलंत, सही घेतलीत. आणखी काय करायचं? शाळेची सहल निघायची तेव्हा आम्हीही पालकांची सही घ्यायचो. पोरगं सांगूनही पाण्यात उतरलं तर मास्तरला फासावर द्यायचं का? तुम्ही कामात होतात. फोन लागला नाही तर माणसानं स्वतःचं डोकं चालवायचं असतं. एमएस्सी बीएड झालेल्या बाईनं तरी." मग ते सुनेकडे वळले. "तीन तास, सूनबाई. पोर तुमच्या पोटात होतं. मॅडमच्या नव्हतं."

वैष्णवीने उशीखालून पंप काढला, दुधाची वेळ झाली होती, आणि पुरुष खोलीतून बाहेर पडायची वाट पाहत बसली. शेषेराव आधी उठले. मार्तंडसरांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. "हा राहू द्या माझ्याकडं," ते म्हणाले. "खरं बोलायला तुम्ही चार तास बसमधून आलात, आजकाल कोण येतं?"

बाहेर जिन्यात सिंधूताई पुन्हा भेटल्या. त्या रडत नव्हत्या. पायरीवरचा डबा त्यांनी उचलून घेतला.

"आता कळलं का मी कामून हात जोडत होते?"

सिंधूताईंनी डब्याचं झाकण दाबून बसवलं.

"माझ्यावर ठेवलं असतं तर दोन वर्षांनं विसरले असते. आईबापाला बोलतातच समदे. आता जल्मभर तिला म्हणतील, तूच केलंस. तुमाला हलकं वाटून घ्यायचं व्हतं, बाई. घेतलं. जावा आता, अडीचची गाडी हाय."

त्यानंतरच्या तीन महिन्यांत मंजुश्रीला अहमदपूरहून तीन बायकांचे फोन आले. तिन्ही घरं मार्तंडसरांच्या ओळखीची. "सर म्हणाले, बाई चोख आहेत, सगळं कागदावर असतं." डॉक्टरीणबाईंनीही कबूल केल्याप्रमाणे दोघी पाठवल्या. पुनमने क्लास सोडू का म्हणून विचारलं, इतकं काम झालं होतं. मंजुश्रीने कामं घेतली. घरभाडं होतं, आणि क्लास सोडल्यावर दुसरं होतं तरी काय? योजनेचा कागद तिने नव्याने लिहिला. कळा लागताच किंवा पाणी जाताच थेट हॉस्पिटल, मला नंतर कळवलं तरी चालेल. शेवटचं वाक्य काढून टाकलं. रेवणप्पांच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी तो वाचून विचारलं, "मग तुमची गरज काय?" तिला ते बरोबर वाटलं.

हदगावला ती दर पंधरवड्याला फोन करायची. सिंधूताई उचलायच्या, बरं हाय म्हणायच्या, ठेवून द्यायच्या. वैष्णवीला न्यायला अहमदपूरहून कुणी आलं नव्हतं. सर्वेश एकदा येऊन बाळाला बघून गेला होता, मुक्काम न करता.

चौथ्या महिन्यात एका दुपारी फोन वैष्णवीनेच उचलला.

"मॅडम, बरं झालं केलात. मला एक विचारायचं होतं. मी खूप दिवस विचार केला पण मला जुळेना."

"विचार ना."

"पाण्याचा रंग बघून कळवा, असं तुम्ही पाचव्या मुद्द्यात लिहिलं होतं. हिरवा असला तर काय असतं, हे तुम्हाला माहीत होतं ना?"

"हो."

"मग तेवढंच का नाही लिहिलंत? हिरवं दिसलं तर लगेच निघा. तेवढंच. मी निघाले असते."

मंजुश्रीने डोळे मिटले. खरं उत्तर एकच होतं आणि ते तिच्या धंद्याच्या पहिल्या पानावर होतं.

"तो वैद्यकीय सल्ला झाला असता. तो आम्ही द्यायचा नसतो."

वर्गात एखादी गोष्ट न पटता लिहून घ्यायची झाली की वैष्णवी नुसतं 'बरं' म्हणायची.

"बरं," ती म्हणाली. "ठेवते मॅडम. ह्याला नळीनं दूध द्यायचं असतं, अर्धा तास जातो."